आधी मोजा, मग मारा

ठाकुर्लीत नव्वद फुटी रस्त्याला लागून ज्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांच्या लिफ्टमध्ये हल्ली पेस्ट कंट्रोलवाल्यांची पत्रकं चिकटवलेली असतात. वर ठळक अक्षरांत ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन’. खाली वर्षभराचा करार: ठरलेल्या महिन्यांत फवारणी, झुरळांना जेल, डासांना धूर, आणि सगळं म्हणे हर्बल, बिनवासाचं. थोडक्यात, मिसळ. जितके जिन्नस जास्त, तितकं ते एकात्मिक. फवारणीचं वेळापत्रक मोडीत काढण्यासाठी जो विचार जन्माला आला, त्याचं नाव आता वेळापत्रकावरच छापून येतं, याचा राग येतो.

ही मिसळ निरुपद्रवीही नाही. झुरळाचं जेल हे आमिष असतं. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीच्या बिजागरीत, फ्रिजच्या मागे, जिथे झुरळं दिवसा दडून बसतात तिथे त्याचे तांदळाएवढे ठिपके द्यायचे. झुरळाने ते खायला हवं, तर काम होतं. त्याच दिवशी त्याच ओट्याखाली नेहमीचं फवाऱ्याचं औषध मारलं, की झुरळ त्या जागेपासून दूर पळतं आणि आमिष तसंच राहतं. एक उपाय दुसऱ्याला मारतो, बिल मात्र दोन्हींचं येतं.

जितके उपाय जास्त तितकं एकात्मिक, ही समजूत आली कुठून, हे पाहायला थोडं मागे जायला हवं. १८९६ च्या प्लेगात मुंबईच्या गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड ओतलं गेलं, पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या काळात काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. पुढे उंदीर आणि पिसू यांचं नातं कळलं, रोनाल्ड रॉसमुळे डास आणि मलेरिया यांचं कळलं, आणि १९११ साली डॉ. बेंटलीने मुंबईचा मलेरिया थेट वाड्यांतल्या विहिरींपर्यंत नेऊन भिडवला. विहिरी बुजवल्या गेल्या, झाकल्या गेल्या, त्यावरून धर्माचे वाद झाले. औषध फारसं हाताशी नव्हतं, त्यामुळे शोधल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

डीडीटीने ती गरजच संपवली. दुसरं महायुद्ध संपता संपता मलेरियातज्ज्ञ विश्वनाथन यांनी मुंबई इलाख्यातल्या कारवार-धारवाडकडे घरांच्या भिंतींवर ते मारून दाखवलं. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम आला, यशाच्या भरात १९५८ साली नियंत्रणाच्या जागी निर्मूलन आलं. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण लाखावर उतरले, १९७६ साली पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले.

इथून पुढची गोष्ट आपण सगळे एकाच चालीवर सांगतो. विषाचा अतिरेक झाला, १९६२ साली रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकाने डोळे उघडले, जग निसर्गाकडे वळलं आणि त्यातून ‘एकात्मिक’ विचार आला. सांगायला गोड, पण क्रम चुकलेला. हा विचार कार्सन यांच्या पुस्तकाच्या तीन वर्षं आधी, १९५९ साली, ‘हिल्गार्डिया’ या कृषी संशोधनाच्या नियतकालिकात छापून आला होता. लिहिणारे चौघे: स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन. चौघेही कीटकशास्त्रज्ञ, आणि त्यांच्यासमोर निसर्गरक्षणाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता कॅलिफोर्नियातल्या लसूणघासावरच्या माव्याचा. औषध मारलं की मावा मरे, त्याला खाणारे ढालकिडेही मरत. मग मावा दुप्पट जोमाने परत येई, आणि थोड्याच काळात त्या औषधाला दाद देईनासा होई.

त्यांनी विष सोडलं नाही. निवडक औषधाची मात्रा इतकी उतरवली, की मावा आटोक्यात यावा आणि ढालकिडे वाचावेत. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांनी अशी मांडली: शेतात कीड दिसणं हे फवारणीचं कारण नव्हे. किडीने होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाला गाठणार असं दिसू लागलं, तरच हात उचलायचा. आपली कृषी विद्यापीठं याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. त्या रेषेखाली कीड असेल तर तिला राहू द्यायचं. नवेपण आहे ते या थांबण्यात. उपाय किती आणि कोणते, हा नंतरचा प्रश्न. थांबायचं कधी हे कळायला शेतात उतरून मोजावं लागतं, आणि नेमका हाच भाग गाळून आपण उरलेलं उचललं.

म्हणून ‘रासायनिक की हर्बल’ हा वाद मला पोकळ वाटतो. दोन्ही बाजू डब्यात काय आहे त्यावर भांडतात. झाडपाल्याचा दशपर्णी अर्कही गरज नसताना दर आठवड्याला मारला, तर विचार तोच जुना राहतो.

महाराष्ट्राला हे माहीत नाही असं नाही. २००८ साली सोयाबीनवर लष्करी अळीने धुमाकूळ घातल्यावर पुढच्याच वर्षी क्रॉपसॅप हा कीड-पाहणीचा सरकारी प्रकल्प सुरू झाला, शेतोशेती किडींची नोंद होऊ लागली. कपाशीत कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर फवारा, असा साधा हिशेब शेतकऱ्याला सांगितला जातो. तरीही २०१७ साली, गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी पोखरली त्याच हंगामात, यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं दगावली.

घराला हा हिशेब लागू होत नाही, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. डेंग्यूचा डास रुपयांत मोजता येत नाही, आणि ओट्यावर किती झुरळं चालतील याचं उत्तर कुठलीच गृहिणी ‘चार’ असं देणार नाही. घरात रेषा जवळपास शून्यावर येते, पण मोजणी सुटत नाही. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, हा आकडा आरोग्य खात्याची माणसं पिंपात बॅटरी मारून काढतातच. पाण्याची वेळ ठरलेली, म्हणून ठाकुर्लीच्या चाळींत पिंपं भरलेली असतात आणि टॉवरच्या गच्चीवर टाक्यांची झाकणं उघडी. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, साठवलेली भांडी रिकामी करायची. नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही. अंडी पिंपाच्या कडेला चिकटतात, कोरडी असूनही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे आतून घासावं लागतं. संध्याकाळी रस्त्यावरून जाणारा धूर हवेतल्या डासाला मारतो. दिवसा चावून पडद्यामागे आणि कपाटाखाली बसणाऱ्या डासापर्यंत तो क्वचितच पोचतो, आणि पिंपातल्या अळीपर्यंत तर नाहीच. साथीत त्याचा उपयोग आहे. एरवी तो रहिवाशांचं समाधान करतो.

मग मोजत का नाही? कारण मोजण्याचे पैसे कोणी देत नाही. तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात रोग सांगणारा आणि बाटली विकणारा एकच असतो. सोसायटीत पाहणी करणारा आणि फवारणारा एकच. ‘यंदा काही मारायची गरज नाही’ असं म्हणाल्यावर ज्याचं बिल बुडतं, तो ते कधीच म्हणणार नाही, आणि त्यात त्याचा दोष थोडा, आपला जास्त. वार्षिक सभेत करार मंजूर करताना ‘किती फवारण्या देता?’ हा प्रश्न सोडून पाहणीचे पैसे वेगळे द्यावेत. टाक्या, पिंपं, ट्रॉल्या तपासून लेखी आकडा मागावा, आणि फवारणीचा खर्च त्या आकड्यावर ठरवावा. लसूणघासाच्या शेतात चौघांनी जे मागितलं होतं, ते एवढंच होतं. त्यात महाग काही नाही, फक्त विकण्यासारखंही काही नाही.