नकाराचे कारण

नोकरीसाठी आलेल्या अर्जांतून माणसे निवडण्याचे काम ज्या संगणकीय व्यवस्थेकडे आता मोठ्या प्रमाणावर सोपवले जात आहे, तिची कार्यपद्धती समजून घेतल्याखेरीज तिच्या न्याय्यतेचा विचार करता येत नाही. अर्ज-छाननी प्रणाली म्हणजे आलेला प्रत्येक अर्ज वाचून, त्यातील शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये यांचे उल्लेख वेगळे काढून, ते जाहिरातीतील अपेक्षांशी ताडून अर्जाला गुण देणारी आज्ञावली होय. तिच्या जुन्या रूपात हे निकष माणूस ठरवीत असे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या नव्या रूपात मात्र पूर्वी कोणाला घेतले आणि कोण टिकले यांच्या नोंदींवरून यंत्रच निकष बांधते, आणि ते नेमके कोणते, हे ती प्रणाली वापरणाऱ्या अधिकाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही.

सावंतवाडीहून बेळगावकडे जाताना घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीसारख्या गावात या प्रश्नाचे गांभीर्य अधिक स्पष्टपणे दिसते. वर्षाकाठी सुमारे 7,000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या गावाचा मुख्य पर्यटन हंगाम पावसाळ्याचा आहे, आणि त्यावर चालणारा रोजगारही स्वाभाविकपणे हंगामी आहे. जून ते सप्टेंबर हॉटेलात किंवा वाहनावर काम करणारा आणि उरलेले महिने घरची शेती किंवा गोव्यातील तात्पुरती नोकरी पाहणारा तरुण आपल्या परीने वर्षभर राबत असतो. परंतु त्याचा अर्ज वाचणाऱ्या यंत्राला त्यात तुटक तुटक चार-चार महिन्यांच्या नोकऱ्या आणि मधली रिकामी जागा एवढेच दिसते. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे आढळले की, पाहणीतील जवळजवळ निम्म्या कंपन्या सहा महिन्यांहून अधिक खंड असलेले अर्ज छाननीतच बाजूला काढत होत्या, आणि 88 टक्के मालकांनी हेही मान्य केले होते की, केवळ निकषांशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून पात्र उमेदवार त्यांच्या प्रणालीतून गळतात.

आंबोलीच्या शेजारचे चौकुळ हे सैनिकांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि पस्तीस-चाळिशीत निवृत्त होऊन दुसरी नोकरी शोधणारे माजी सैनिक या परिसराला नवे नाहीत. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार म्हणून ज्याने शंभराहून अधिक जवानांचे रेशन, कपडे आणि साहित्य यांचा हिशेब वर्षानुवर्षे चोख ठेवला, त्याला गोदाम किंवा पुरवठा सांभाळण्याचे काम शिकवावे लागत नाही. मात्र त्याच्या डिस्चार्ज बुकात 'इन्व्हेंटरी मॅनेजमेंट' किंवा 'सप्लाय चेन' हे शब्द नसतात. असतात ते हुद्दा, पलटण, सेवेची वर्षे आणि वर्तणुकीचा शेरा. अनुभवी माणसाने हाच कागद वाचला तर तो दोन प्रश्न विचारून योग्यता ओळखेल. शब्द जुळवणारी प्रणाली प्रश्न विचारत नाही, ती गुण देऊन पुढच्या अर्जाकडे जाते. वर उल्लेखिलेल्या अहवालानेही अशा दुर्लक्षित उमेदवारांमध्ये माजी सैनिकांचा समावेश केला आहे, ही बाब सैन्यात जाण्याची परंपरा असलेल्या महाराष्ट्राने विशेष गांभीर्याने घ्यायला हवी.

तथापि, यंत्र येण्यापूर्वीची निवड निर्दोष होती, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. कोकणातून मुंबईत गेलेल्या कित्येक पिढ्यांना गिरणीत किंवा पेढीवर काम मिळाले ते गावकऱ्याच्या ओळखीने, आणि ज्याची ओळख नव्हती तो दाराबाहेर राहिला. त्याहून कठोर पुरावा अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांच्या 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पुढे ठेवला. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे, पण उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम वाटावीत अशा नावांचे हजारो अर्ज पाठवले, तेव्हा उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत पुढचे बोलावणे येण्याचा संभव दलित नावासाठी सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावासाठी सुमारे एक तृतीयांश एवढाच निघाला. हे अर्ज माणसांनीच वाचले होते. म्हणून अर्जावरचे नाव झाकून केवळ पात्रता पाहणारे यंत्र आले तर अन्याय कमी होईल, ही आशा अनाठायी म्हणता येत नाही.

अडचण अशी की, यंत्राला शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नोंदी त्याच जुन्या निवडींच्या असतात. ॲमेझॉनने 2014 पासून तयार केलेल्या अशा प्रणालीला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज शिकवण्यात आले होते, आणि ते बहुतांश पुरुषांचे असल्यामुळे तिने स्त्रियांचा निर्देश करणाऱ्या शब्दांचे गुण कापण्याचा धडा घेतला. ही प्रणाली कंपनीने सोडून दिल्याचे वृत्त रॉयटर्सने 2018 मध्ये दिले. नाव झाकल्यानेही प्रश्न सुटत नाही, कारण गाव, वाडी, शाळा, उत्तीर्ण होण्याचे वर्ष आणि पत्त्याचा पिनकोड या साऱ्यांतून यंत्र झाकलेली गोष्ट अप्रत्यक्षपणे ताडू शकते. एका अधिकाऱ्याचा पूर्वग्रह त्याच्या टेबलापुरता चालतो, तर अनेक कंपन्यांनी एकच प्रणाली विकत घेतली की तोच पूर्वग्रह एकाच उमेदवाराला सगळीकडून नाकारू शकतो, आणि नकार कोणी दिला हे विचारायला समोर माणूसच उरत नाही. या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर नैतिक दोष हाच आहे. चूक माणसाकडूनही होते. पण चूक करणाऱ्याला जाब विचारता येणे हा न्यायाचा किमान भाग आहे.

न्यूयॉर्क शहराने जुलै 2023 पासून अशा साधनांची दरवर्षी स्वतंत्र तपासणी करून घेणे आणि उमेदवाराला आधी सूचना देणे बंधनकारक केले आहे. युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्याने भरतीसाठी वापरली जाणारी कृत्रिम बुद्धिमत्ता उच्च जोखमीच्या वर्गात घातली आहे. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माणसाविषयी निर्णय घेण्यासाठी वापरलेली माहिती पूर्ण व अचूक असावी, असे बंधन आहे, परंतु यंत्राने दिलेल्या नकाराचे कारण मागण्याचा स्वतंत्र हक्क त्यात नाही.

ही उणीव सिंधुदुर्गासाठी दूरची नाही. जिल्हा प्रशासनाच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याचा उपक्रम येथे 2025 मध्ये सुरू झाला असून त्याचे कौतुकही झाले आहे. तेव्हा जिल्ह्यातील कोणत्याही शासकीय कार्यालयाने, रोजगार मेळावे भरवणाऱ्या कौशल्य विकास केंद्राने किंवा येथील तरुणांना घेणाऱ्या हॉटेल व कंपनीने छाननीचे यंत्र विकत घेण्यापूर्वी करारातच लिहून घ्यावे की, नाकारलेल्या प्रत्येक उमेदवाराला नकाराचे कारण मराठीत कळवले जाईल, आणि त्याखाली तो निर्णय तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व सही असेल.