बुडणाऱ्याची हाक आणि आपले कर्तव्य



मनुष्य नमाजमध्ये उभा आहे आणि जवळच कोणी बुडत आहे. त्याला वाचविण्याचे सामर्थ्य असेल, तर नमाज तोडून मदतीला धावणे अनिवार्य आहे, असे इस्लामी धर्मशास्त्र सांगते. नमाज पुन्हा अदा करता येते, गेलेला प्राण परत येत नाही. एक जीव वाचविणे म्हणजे जणू समस्त मानवजातीला वाचविणे होय, असा बोध दिव्य कुरआनातील सूरह अल-माइदाच्या 32 व्या आयतीतून मिळतो.

परंतु हाक ऐकणारे अनेक असतील तर धावायचे कोणी? अशी कर्तव्ये ‘फर्जे किफाया’ ठरतात. काहींनी ती पार पाडली तर सर्वांची सुटका होते; कोणीच पार पाडली नाहीत तर समर्थ असलेले सर्व गुन्हेगार ठरतात. ‘दुसरा कोणी करीलच’ हा शैतानी विचार नेमका येथेच मनात शिरतो.

भूमध्य समुद्रात सिसिली व ट्युनिशिया यांच्या मध्ये लाम्पेदुसा हे इटलीचे लहानसे बेट आहे. 3 ऑक्टोबर 2013 रोजी त्याच्या किनाऱ्याजवळ स्थलांतरितांची नौका बुडाली आणि साडेतीनशेहून अधिक लोक प्राणास मुकले. त्या पहाटे काही मित्र एका छोट्या होडीत होते. किंकाळ्या ऐकताच ते तिकडे वळले आणि त्यांनी 47 जणांना पाण्यातून ओढून घेतले. होडीत इतकी माणसे मावतील काय, याचा हिशेब त्यांनी केला नाही.

आठच दिवसांनी, 11 ऑक्टोबरला, त्याच बेटाच्या दक्षिणेस चारशेहून अधिक माणसांची नौका पाण्याने भरू लागली. त्यांत बहुतेक युद्धग्रस्त सीरियाची कुटुंबे होती. नौकेवरील एक डॉक्टर उपग्रह फोनवरून पुन्हा पुन्हा मदत मागत होता. रोमच्या केंद्राने त्याला माल्टाकडे वळविले, कारण ते पाणी माल्टाच्या शोध-बचाव क्षेत्रात मोडत होते. प्रत्यक्षात नौका माल्टापेक्षा लाम्पेदुसाला कितीतरी जवळ होती आणि इटलीचे नौदल जहाजही फार दूर नव्हते. सायंकाळी पाचनंतर नौका उलटली. दोनशेहून अधिक जीव गेले, त्यांत सुमारे 60 बालके होती. जीविताच्या रक्षणात इटलीने कसूर केली, असा निर्वाळा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 2021 मध्ये दिला.

वाचकहो, येथे हाक पोहोचली होती. साधनेही होती. उणीव होती ती ‘हे माझे काम आहे’ असे म्हणणाऱ्याची. 1979 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार समुद्राची क्षेत्रे वाटून दिली गेली, ती कोणतीही हाक अनुत्तरित राहू नये म्हणून. हाक ज्या केंद्राला प्रथम मिळते, त्याने दुसरे केंद्र सूत्रे खरोखर हाती घेईपर्यंत ती सोडायची नसतात. किती न्याय्य नियम! अमानतीचा अर्थही हाच आहे. ती योग्य हाती सोपविल्याखेरीज आपण मुक्त होत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर आपले अनेक बांधव मासेमारी करतात, कित्येक जहाजांवर नोकरीला आहेत. त्यांच्या घरच्यांनी तटरक्षक दलाचा 1554 हा मदत क्रमांक लक्षात ठेवावा. मात्र हा बोध समुद्रापुरता नाही. मोहल्ल्यातील एकाकी वृद्ध आजारी पडतो, एखादी विधवा कर्जात बुडते. आपण तो निरोप मोबाइलवर चार जणांना पुढे धाडतो आणि निश्चिंत होतो. निरोप पुढे गेला, पण तिच्या दारी कोणी गेले काय? ही खात्री होईपर्यंत कर्तव्य आपल्याच खांद्यावर आहे. आखिरतमध्ये प्रत्येकाला आपला हिशेब स्वतः द्यावयाचा आहे. ‘ते माझे क्षेत्र नव्हते’ हे उत्तर तेथे कसे चालेल?

हे अल्लाह! समुद्रात प्राण गमावलेल्यांवर दया कर आणि संकटग्रस्ताची हाक दुसऱ्यावर न ढकलता तिला धावून जाण्याची सद्बुद्धी व सामर्थ्य आम्हांस दे. आमीन.