आमचे पाणी वाईट आहे

(वाचन : २ राजे २:१९-२२)



यरीहोचे लोक संदेष्टा अलीशाकडे आले आणि म्हणाले, आमच्या नगराची जागा चांगली आहे, पण पाणी वाईट आहे. अलीशाने नवे भांडे आणि मीठ मागितले. ते लोकांनी आणून दिले. मग तो झऱ्याच्या उगमापाशी गेला आणि परमेश्वराने ते पाणी निर्दोष केले. हा चमत्कार लोकांनी तोंड उघडले तेव्हा सुरू झाला.

आपले दुखणेही तेच आहे. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. ते खडकातून विरघळून येते. पाणी दिसायला स्वच्छच असते. पण लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायले, तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडे आणि सांधे आखडतात. उकळल्याने ते जात नाही. पाणी आटते आणि फ्लोराईडचे प्रमाण उलट वाढते. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी आटले की आपण बोअर आणखी खोल नेतो, आणि खडकात दीर्घकाळ राहिलेल्या पाण्यात क्षार बहुधा जास्तच असतात.

तत्त्वज्ञानात नैसर्गिक अरिष्ट आणि नैतिक अरिष्ट असा भेद करतात. खडकातले फ्लोराईड हे कोणाचे पाप नव्हे, देवाची शिक्षाही नव्हे. म्हणून डागाळलेल्या दातांवरून कोणा मुलीला हिणवू नका. पण पाणी वाईट आहे हे कळल्यावर ज्याला परवडते त्याने घरी जार मागवावा आणि शेजारच्या गरिबाची घागर त्याच हातपंपाखाली भरत राहावी, हे मात्र नैतिक अरिष्ट आहे. त्याचा जाब देव आपल्याला विचारील. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सुरक्षित पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट सांगितले आहे.

मग आपण काय करावे? आपल्या गावच्या जलसुरक्षकाला भेटा. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत गेला का आणि त्यात फ्लोराईड तपासले का, ते विचारा. अहवाल ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा आणि पर्यायी पाण्याचा ठराव मागा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या भगिनींनी त्यासाठी पुढे यावे. पावसाचे पाणी छपरावरून टाकीत स्वच्छ साठवले, तर त्यात खडकातले फ्लोराईड येत नाही. हे काम एकट्या ख्रिस्ती घरांचे नव्हे. विहीर सर्वांची आहे, म्हणून सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांना बरोबर घ्या.

स्नानसंस्काराच्या वेळी आपण पाण्यावर देवाचा आशीर्वाद मागतो. त्याच बाळाच्या ओठाला उद्या कोणते पाणी लागणार, याची काळजी घेणे हाही आपल्या श्रद्धेचा भाग आहे.

हे प्रभो, यरीहोच्या लोकांप्रमाणे आम्हांला बोलण्याचे धैर्य दे, आणि आमच्या गावांचे पाणी निर्दोष कर. आमेन.

— आपला धर्मगुरू