सत्कार्याची घाई

सत्कार्याला निघालेल्या माणसाला रस्त्यावर थोडी अधिक मोकळीक असावी काय? प्रश्न वरवर हास्यास्पद वाटतो. पण अमेरिकेतल्या चर्चमधून तरुणांच्या तुकड्या एकदोन आठवड्यांसाठी युगांडा, केनिया अशा देशांत सेवेला जातात, तेव्हा तो अगदी खरा होतो. शाळेची भिंत बांधायची, प्रार्थनासभा घ्यायची. दिवस मात्र मोजके. मग मोटार भाड्याने घेऊन आपणच हाकावी, असे सहज मनात येते.

मायदेशी ही मंडळी रस्त्याच्या उजव्या अंगाने गाडी चालवितात. युगांडात इंग्रजी अमलाच्या वारशाने आपल्यासारखीच डावी बाजू. खिशात आंतरराष्ट्रीय परवाना असला, तरी हाताची सवय तो बदलीत नाही. रस्ता ओलांडणारे तेथले मूल मात्र रोजच्या सवयीने एकाच दिशेला आधी पाहते. गाडी तिकडूनच येणार, हा त्याचा विश्वास असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यांवर मरतात. दहांतली नऊ अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत. आणि एकंदर मृतांत निम्म्याहून अधिक पादचारी, सायकलवाले व दुचाकीस्वार. म्हणजे सेवेकऱ्याचा हात चुकला, तर ज्याच्यासाठी तो आला त्यालाच बहुधा ती चूक भोगावी लागणार.

कोणी म्हणेल, चालकावरचा खर्च वाचवून तो शाळेला द्यावा. हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पण ही बचत ज्याच्या जिवावर होते, त्याला कोणी विचारले आहे काय? शिवाय तेथल्या चालकाच्या मजुरीवरही एक चूल पेटतेच.

तरी चालक ठेवला की जबाबदारी सरली, असेही नव्हे. मागे बसलेला पाहुणा घड्याळाकडे पाहून ‘जरा लवकर’ म्हणत राहिला, तर चाक दुसऱ्याच्या हाती असून गाडी त्याचीच घाई हाकीत असते.

लूकच्या शुभवर्तमानातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट रस्त्यावरचीच आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर अर्धमेल्या माणसाला टाळून याजक आणि लेवी निघून जातात. परका शोमरोनी थांबतो. डार्ली व बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या वाटेत एक कण्हणारा माणूस मुद्दाम बसविला होता. उशीर झाल्याचे ज्यांना सांगितले, त्यांपैकी शेकडा १० मदतीला थांबले. ज्यांना सवड होती, त्यांपैकी शेकडा ६३. त्यांतले काही तर याच शोमरोन्यावर बोलावयास निघाले होते!

श्रद्धा त्यांच्यापाशी होती. उणा पडला तो वेळ. म्हणून परमुलखात सेवेला जाणाऱ्याने चाक तेथल्या माणसाच्या हाती द्यावे, आणि दिवसाच्या यादीतले एखादे काम आधीच खोडून टाकावे. वाटेत कोणी आडवे आले, तर थांबायला तेवढी सवड लागते.