कैद्याची बायको आणि निरीक्षणगृहातल्या मुलाची आई

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतल्या पात्र व्यक्तींच्या यादीत एका नोंदीपाशी मी थांबलो : तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी. परित्यक्ता, अनाथ मुलं, 40 टक्क्यांवर अपंगत्व असलेली माणसं यांच्याच रांगेत ती आहे. ज्या कुणी हे लिहिलं, त्याला ठाऊक होतं की शिक्षा एकाला होते आणि चूल भलत्याचीच विझते.

येरवड्यात मध्यवर्ती कारागृह आहे, तसं मुलांचं निरीक्षणगृहही. समजा, एका कैद्याची बायको आणि निरीक्षणगृहातल्या सतरा वर्षांच्या मुलाची आई एकाच वस्तीत राहतात. आईचे दोन्ही पाय निकामी. पाणी भरणं, तिला मोरीपर्यंत नेणं, प्रमाणपत्रासाठी ससूनला जाताना उचलून रिक्षात बसवणं, सगळं हा मुलगा करायचा. नवरा आत आहे म्हणून बायकोला अर्ज करता येतो. आईलाही येतो, पण फक्त तिच्या पायांसाठी. घरातले दोन हात गेले, त्याला रकाना नाही.

बाल न्याय अधिनियम, 2015 चं कलम 24 सांगतं, की या मुलाला दोषसिद्धीतून येणारी कुठलीही अपात्रता चिकटू नये. (सोळा वर्षांवरच्या, प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा अपवाद आहे.) कलम 74 त्याची ओळख उघड करायला मनाई करतं. कल्याणीनगरच्या अपघातानंतर, मे 2024 मध्ये, मंडळाने सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधावरून शहर खवळलं. तेव्हापासून या विसरण्याबद्दल पुण्यात चांगलं बोलणं अवघड झालंय. मी तरी त्याच्या बाजूचा आहे. मंडळासमोर येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी वकिलांची फौज नसते.

पण इथे विसरणं आईच्या मुळावर येतं. मदत हवी तर मुलगा कुठे आहे, ते तलाठ्याला सांगायचं, मागे रांगेत शेजारीण उभी असताना. आधी मला वाटलं, यादीत 'अशा मुलाची आई' एवढं वाढवावं. मग लक्षात आलं, मुलगा सुटून कामाला लागला तरी ती फाईल तहसीलच्या कपाटात राहणारच. जे पुसायचं, तेच आपण दुसऱ्या कार्यालयात लिहून ठेवणार.

शिवाय शेजारणीचा मुलगा नुसताच घर सोडून गेला असेल, तर? तिला उचलायलाही कुणी नाही. एकीच्या मुलावर गुन्हा आहे म्हणून तिचा नंबर आधी, हे कुठल्या न्यायात बसतं?

म्हणून मला कारणच विचारू नये असं वाटतं. विचारावं एवढंच : तुम्हाला उचलतं कोण? गंमत म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्येही कलम 24 च आहे, आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता त्यात लिहिलेला आहे. सरकारच्या आर्थिक कुवतीत बसेल तर, अशी पाचर मारून. इकडे परिवीक्षा अधिकारी पंधरा दिवसांत मुलाच्या घरचा सामाजिक तपास अहवाल देतो. त्यासाठी घरी गेला तर ती आई त्याला दिसतेच. 'या बाईला माणूस लागतो', एवढी चिठ्ठी, मुलाचा उल्लेख न करता, तो पुढे पाठवू शकेल.

तोवर तलाठ्याने विचारलं तर ती म्हणेल, मुलगा गावाला गेलाय. याला खोटं बोलणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.