लाखेचा लेप

द्वेषानें किंवा लोभानें केलेल्या नासाडीचा निवाडा करणें फारसें अवघड नसतें. चोरानें देवळांतील मूर्तीचें मस्तक तोडून विकलें, तर दोष कोणाचा हें सांगावयास धर्मशास्त्र्याची गरज पडत नाहीं. परंतु ज्यानें रक्षणासाठींच हात पुढें केला, आपल्या काळांतील विद्या प्रामाणिकपणें वापरली, आणि तरीही ज्याच्या हातून ती रक्षणीय वस्तु मलिन झाली, त्याच्याविषयीं विवेकी मनुष्यानें काय म्हणावें? आणि मागून येणाऱ्यानें ती मलिनता पुसण्याचें मनांत आणलें, तर तसा अधिकार त्याला कोणत्या आधारावर पोंचतो? वडिलांनीं घालून दिलेल्या घरच्या व्यवस्थेपासून तों राष्ट्राच्या कायद्यांपर्यंत हा प्रश्न नाना रूपांनीं आपल्यापुढें येत असतो. येथें आम्ही तो अजिंठ्याच्या एका प्रकरणावरून तपासून पाहणार आहों; कारण तेथें तो डोळ्यांनीं पाहतां व बोटानें दाखवितां येतो.

छत्रपति संभाजीनगराच्या, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादच्या, उत्तरेस सुमारें शंभर किलोमीटरांवर वाघोरा नदीच्या अर्धचंद्राकृति वळणावर हीं लेणीं आहेत. त्यांपैकीं नववें व दहावें हीं सातवाहनकालीन. पहिलें, सोळावें, सतरावें हीं वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचीं, म्हणजे पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील. तेथील चित्रांना सरसकट ‘फ्रेस्को’ म्हणण्याची जी रीत पडली आहे ती बरोबर नाहीं, आणि हा भेद पुढील विचारास महत्त्वाचा आहे. इटलींतील त्या पद्धतींत चुन्याचा गिलावा ओला असतांनाच रंग देतात. चुना वाळतां वाळतां रंगाला पोटांत घेतो. अजिंठ्याच्या कारागिरांनीं टांकीनें खरबरीत केलेल्या पाषाणावर माती, भाताचें तूस व वनस्पतींचे तंतु यांचा गिलावा चढविला, त्यावर पांढरा पातळ हात दिला, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यांत खललेले रंग वर बसविले. तांबडा गेरूचा, पिवळा पिवडीचा, काळा काजळीचा, हिरवा हिरव्या मातीचा. निळा तेवढा दूर बदक्षानाच्या खाणींतून आलेल्या लाजवर्दाचा. (वेरुळच्या गिलाव्यांत भांगेचे तंतु आढळले आहेत, अजिंठ्याच्या गिलाव्यांत नाहींत, व म्हणूनच येथें किड्यांनीं अधिक खाल्लें असें शास्त्रज्ञ म्हणतात, पण तो विषय निराळा.) सारांश, हें चित्र म्हणजे मातीच्या अंगावर बसलेली रंगाची पातळ कातडी होय. माती पावसाळ्यांत ओलावा घेते, उन्हाळ्यांत सोडते, आणि त्या ओलाव्याची ये-जा या कातडींतूनच होते. ज्याला खेड्यांतील सारवलेलें घर ठाऊक आहे त्याला हें अधिक समजावून सांगावयास नको.

दीड हजार वर्षांत पाऊस, वटवाघुळें, किडे व धूर यांनीं जें केलें तें केलेंच. त्याचा जाब आपण कोणाला विचारीत नाहीं. १८१९ सालीं जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादांत तेथें पोंचला, आणि तेव्हांपासून मनुष्याच्या कौतुकाचें युग सुरू झालें. १८४४ पासून मद्रासच्या लष्करांतील रॉबर्ट गिल यांनीं तेथें वर्षानुवर्षें राहून मोठमोठ्या नकला केल्या. पुढें १८७२ ते १८८५ या काळांत मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह तेंच काम पुनः हातीं घेतलें. काळवंडलेल्या भिंतीवर व्हार्निशाचा हात फिरविला कीं रंग भिजल्यासारखे उजळतात, रेषा उठून दिसतात, नक्कल करणें सोपें जातें. तसा हात तेथें फिरविला गेला. दैवगति अशी कीं, गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनजवळच्या सिडनम येथील कांचमहालास लागलेल्या आगींत जळाल्या, आणि ग्रिफिथ्स यांच्याही अनेक नकला १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांतील आगींत गेल्या. नकला गेल्या, नकलांसाठीं दिलेलें व्हार्निश मात्र मूळ चित्रांवर राहिलें.

त्या काळीं लेणीं निजामाच्या राज्यांत होतीं. हैदराबाद संस्थानानें १९१४ सालीं पुरातत्त्व खातें काढलें, आणि गुलाम याझदानी यांच्यासारखा जाणता अधिकारी त्यास लाभला. गिलावा ठिकठिकाणीं सुटून लोंबत होता. तेव्हां संस्थानानें इटलीहून लोरेंझो चेक्कोनी व त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना बोलाविलें, आणि १९२० ते १९२२ च्या दरम्यान त्यांनीं तेथें काम केलें. त्यांच्या हातून दोन गोष्टी झाल्या. या दोन गोष्टी वाचकांनीं मनांत वेगवेगळ्या ठेवाव्या अशी आमची विनंति आहे. सुटलेल्या गिलाव्यामागें चिकट द्रव्य भरून तो पुनः पाषाणाशीं बसविला व त्याच्या कडा बांधून घेतल्या, ही एक. चित्रांच्या पृष्ठावर स्पिरिटांत विरघळविलेली लाख लावली, ही दुसरी.

लाख आपणांस अपरिचित नाहीं. सुतार चपडा स्पिरिटांत विरघळवून कपाटास पॉलिश करतो; नवें असतां तें आरशासारखें चकाकतें, आणि आजोबांच्या काळचें तेंच कपाट आज तपकिरी-काळें दिसतें. अजिंठ्याच्या भिंतींवरही हेंच झालें. लाख प्रथम पिवळी पडली, मग काळवंडली. धूळ, काजळी व वटवाघुळांची घाण तिच्यांत रुतून बसली. गौरवर्णाच्या आकृति सांवळ्या झाल्या आणि सांवळ्या आकृति दिसेनाशाच झाल्या. निळ्यावर पिवळी झांक चढून तो हिरवट भासूं लागला. याहून वाईट म्हणजे तो थर आकसला, व आकसतांना खालच्या रंगाचे पापुद्रे वर ओढूं लागला. भिंतीचा श्वास कोंडला तो निराळाच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोठें कोठें पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या कृत्रिम राळेचेही थर त्यावर चढले. प्रत्येक पिढीनें आपला लेप शेवटचा समजून दिला.

आतां निवाड्याकडे वळूं. चेक्कोनी यांना चित्रांचे मारेकरी ठरविणें आज सोपें आहे. उलट, त्यांनीं गिलावा बसविला नसता तर आज साफ करावयास चित्रच उरलें नसतें, असें म्हणून त्यांना सर्वस्वीं निर्दोष सोडणेंही तितकेंच सोपें आहे. आम्हांस दोन्ही मतें आळसाचीं वाटतात. गिलावा पडत होता. तो आज न बसविला तर उद्यां त्याचा ढीग झाडून टाकावा लागणार, अशी स्थिति होती. अशा वेळीं हातीं असलेलें औषध, त्याचे दूरचे परिणाम ठाऊक नसले तरी, द्यावेंच लागतें. बुडत्यास ओढतांना त्याचा खांदा निखळला म्हणून ओढणाऱ्यास कोणी दोष देत नाहीं. पण हा बचाव पहिल्या कामास लागू पडतो, दुसऱ्यास नाहीं. चित्राचा पृष्ठभाग दुसऱ्या दिवशीं नाहींसा होणार नव्हता. आणि व्हार्निश काळानें पिवळें पडतें ही गोष्ट युरोपांतील चित्रशाळांना १९२० च्या कितीतरी आधीं ठाऊक होती. तैलचित्रांवरचें जुनें व्हार्निश उतरविणें हा तेथील नित्याचा उद्योग होता. मग एखाद्या कोपऱ्यांतील चार वितींच्या जागेवर लाख लावून दहा पावसाळे वाट पाहणें अशक्य होतें काय?

अशक्य नव्हतें, पण तसें कोणास नको होतें. येथें दोष एका मनुष्यावरून उठून पुष्कळांवर पसरतो. संस्थानास आपल्या खर्चाचें फळ दिसावयास हवें होतें, विद्वानांस छायाचित्रें हवीं होतीं, प्रवाशांस उजळ चित्रें हवीं होतीं. लाख लावतांच भिंत झळाळली असेल आणि सर्वांनीं धन्य धन्य म्हटलें असेल. जें काम केल्याबरोबर शोभतें त्याविषयीं शंका घेणारा मनुष्य कोणत्याच सभेंत प्रिय होत नाहीं. ग्रिफिथ्स यांच्या व्हार्निशाविषयीं मात्र आमचें मत अधिक कठोर आहे. चेक्कोनी यांची लाख, चुकीची असली तरी, भिंतीच्या हिताकरितां होती. तें व्हार्निश नकलेच्या सोयीकरितां होतें. मुळाची गरज आणि नकलेची गरज यांत त्यांनीं नकलेची गरज वर मानली. भावी पिढ्यांस चित्र कळावें हा त्यांचा हेतु थोर होता व त्यांचा ग्रंथ आजही उपयोगी आहे. पण मुलाचें चित्र चांगलें यावें म्हणून मुलाला उन्हांत तिष्ठत ठेवणाऱ्यासारखें तें झालें.

पुसण्याचा अधिकार हा याहून बिकट प्रश्न. १९९९ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेनें राजदेव सिंह यांच्या देखरेखीखालीं नवव्या व दहाव्या लेण्यांतील थर उतरविण्याचें काम हातीं घेतलें. काम अत्यंत धिम्या गतीचें. जुनी झालेली लाख साध्या स्पिरिटास सहजीं दाद देत नाहीं, आणि जें द्रव्य लाखेस विरघळवितें तें रंगासही सोडील अशी खात्री नसते. तरीही काजळीखालून चेहरे, हत्ती, मिरवणुकी पुनः दिसूं लागल्या.

यावर एक आक्षेप असा घेतात कीं, लाखही आतां शंभर वर्षांची झाली. तीही इतिहासच आहे. आपण कोणता इतिहास ठेवावा व कोणता पुसावा हें ठरविणारे आपण कोण? आक्षेप वजनदार आहे. पण त्यांत एक गफलत आहे. लाख ही नुसती साक्ष देत बसलेली वस्तु नाहीं. ती अद्याप काम करीत आहे, रोज थोडा रंग उचलीत आहे. जी चूक घडून संपली तिला इतिहास म्हणावें. जी चालूच आहे तिला इतिहास म्हणून हात न लावणें म्हणजे आपल्या भित्रेपणास आदराचें नांव देणें होय.

दुसरा पक्ष याच्या नेमका उलट. आपल्या परंपरेंत जीर्णोद्धार हें पुण्यकर्म आहे. मग गेलेलीं बोटें, गेलेले डोळे कुशल चित्रकाराकडून पुनः कां काढवून घेऊं नयेत? हा पक्ष हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. २०२२ सालीं वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील पिढ्यान् पिढ्यांचा शेंदूर उतरविला गेला व खालचें मूळ रूप भक्तांपुढें आलें. तो शेंदूर कोणाची चूक नव्हती. ती सेवा होती, आणि त्या मूर्तीस पुनः शेंदूर लावला गेला तरी तीही सेवाच होईल. जी मूर्ति नित्य पूजेंत जगते तिचें रूप पूजेबरोबर बदलत जाणें स्वाभाविक आहे. अजिंठ्याच्या भिंतीची गोष्ट अशी नाहीं. तेथें नित्य पूजा थांबून शतकें लोटलीं. आतां त्या भिंतीचें सत्त्व त्या विशिष्ट हातांनीं ओढलेल्या विशिष्ट रेषांतच आहे. पद्मपाणीचें एक बोट आपण नवें काढलें, तर तें कितीही सुंदर असो, पाहणारास दहाही बोटांचा संशय येईल. २०१२ सालीं स्पेनमधील बोर्हा या गांवीं एका वृद्ध भाविक बाईनें चर्चच्या भिंतीवरील ख्रिस्ताचा झिजलेला चेहरा स्वतः रंगविला, तेव्हां जग पोट धरून हंसलें. आम्हांस तें हंसणें आवडलें नाहीं; झिजत चाललेल्या त्या चेहऱ्याची तिला काळजी होती. पण काळजी आहे म्हणून कुंचला हातीं घेण्याचा अधिकार येत नाहीं, हें तितकेंच खरें.

तेव्हां जें वरून आलें तेवढें काढावें, आपलें कांहीं घालूं नये, या मताचे आम्ही आहों. पण हें मत निर्धोक आहे असें कोणी समजूं नये. १९३० नंतरच्या दशकांत ब्रिटिश म्युझियममध्यें पार्थेनॉनचीं शिल्पें पांढरीं शुभ्र दिसावीं म्हणून धातूच्या हत्यारांनीं घांसलीं गेलीं, आणि मळ समजून त्यांचा जुना मधासारखा पृष्ठभागच खरवडला गेला. तेथेंही कांहीं घातलें नव्हतें, केवळ काढलें होतें. कोणी म्हणतील, पुढें उलटवितां येईल तेवढेंच करावें, हा नियम पुरेसा आहे. नियम चांगला आहे. पण लाख स्पिरिटांत विरघळते, म्हणजे हवी तेव्हां काढतां येईल, असें १९२१ सालीं चेक्कोनीही म्हणूं शकले असते! वस्तु आपले गुण वयाबरोबर बदलते, आणि आपला नियम तेवढा तरुण राहतो. म्हणून अशा कामांत उपायाइतकेंच महत्त्व गतीला आहे असें आम्ही मानतों. वीतभर जागा साफ करून वर्षभर थांबणारा मनुष्य चुकला तर वीतभर चुकेल.

यांत वाचकांकडेही थोडें काम येतें. सुटींत मुलाबाळांसह अजिंठ्यास जाणारीं कुटुंबें आज हजारोंनीं आहेत, आणि आंत पाय ठेवतांच बहुतेकांच्या तोंडून निघणारें पहिलें वाक्य म्हणजे, ‘‘अंधारच फार, कांहीं दिसत नाहीं.’’ अंधुक दिवे तेथें मुद्दाम ठेवलेले आहेत. दिसावें या हट्टापायींच व्हार्निश आलें होतें. पांच मिनिटें उगी उभें राहिलें कीं डोळे सरावतात आणि आकृति हळूहळू भिंतींतून बाहेर येतात; पण पाठीमागून येणारी गर्दी तेवढा वेळ देत नाहीं, हेंही खरें.

दहाव्या लेण्यांत जॉन स्मिथचें नांव व २८ एप्रिल १८१९ ही तारीख एका रंगविलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर कोरलेली आहे. तो त्या वेळीं मातीच्या ढिगावर उभा होता, त्यामुळें आज तें नांव आपल्या दृष्टीच्या बरेंच वर राहिलें आहे. लाख काढतां, मग तें कां ठेवतां, असें कोणी विचारील. त्या अक्षरांखालचा रंग गेलेला आहे; तीं भरून काढावयाचीं म्हणजे नवा रंग घालावा लागेल, आणि तीं अक्षरें आतां आणखी कांहीं खात नाहींत. तीं तशींच राहूं द्यावीं.