मुका याजक आणि ड्युटीचे उरलेले दिवस

आगमनकाळ, दुसरा आठवडा
वाचन: लूक १:५–२५ आणि १:५७–६६



आजचं वाचन दोन तुकड्यांत आहे, पण दोन्ही सलग वाचा. मधला मरीयेचा भाग पुढच्या आठवड्यात घेऊ. आज फक्त जखऱ्या.

हा जखऱ्या कोणी नवशिका नाही. अबीयाच्या वर्गातला याजक, बायको अलीशिबा अहरोनाच्याच घराण्यातली, दोघंही वयस्कर. याजकांचे असे एकूण २४ वर्ग होते आणि प्रत्येक वर्गाची मंदिरातली पाळी आठवड्याची असायची. धूप कोणी जाळायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरत असे. ही संधी एका याजकाला आयुष्यात एकदाच मिळे, असं यहुदी परंपरा सांगते. म्हणजे जखऱ्या ज्या क्षणासाठी जन्मभर तयार होत होता तो क्षण आला, आणि नेमका तेव्हाच गब्रीएल येऊन उभा राहिला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. जखऱ्याने खात्री मागितली आणि वाचा गमावली.

बाहेर लोक थांबले होते. आत एवढा वेळ का लागतोय म्हणून त्यांची चुळबुळ सुरू झाली होती. जखऱ्या बाहेर आला. आता आशीर्वाद द्यायचा होता, आणि तोंडातून शब्द फुटेना. हातवारे करत उभा राहिला बिचारा.

आता २३ वं वचन बघा. आपण ते नेहमी घाईत ओलांडून जातो. लूक सांगतो की सेवेचे दिवस पूर्ण झाल्यावर तो घरी गेला. पूर्ण झाल्यावर! म्हणजे वाचा गेल्या गेल्या रजा टाकून तो डोंगराळ भागातल्या आपल्या गावी निघाला नाही. उरलेले दिवस तो मंदिरातच राहिला. मुका याजक. त्याला उपदेश करता येत नव्हता, आशीर्वाद देता येत नव्हता. मग काय करत असेल? लूक सांगत नाही. पण मंदिरात न बोलता करायची कामं भरपूर होती. वेदीवरची राख काढायची, लाकडं लावायची, दिव्यांत तेल घालायचं.

जे सेवेचं शिक्षण घेताहेत त्यांच्यासाठी आज खास लिहितोय. कोणी सेमिनरीत पूर्णवेळ आहे, कोणी माझ्यासारखं नोकरी सांभाळून शनिवार-रविवार शिकतंय. डिसेंबर आला की आपलं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. १ तारखेपासून गाण्यांची प्रॅक्टिस, संडे स्कूलचं नाटक, तरुणांचा कार्यक्रम, कॅरल राउंड, बॅनर, पोस्टर, रील. त्यात असाइनमेंट आणि परीक्षा. येणाऱ्या प्रभूबद्दल दिवसाला चार वेळा बोलायचं, आणि त्याची वाट बघायला मात्र वेळच नाही. गंमत म्हणजे आमच्या आयटीत उलटं असतं. परदेशी क्लायंट डिसेंबरच्या मध्यापासून कोड फ्रीझ लावतात. नवीन काही सोडायचं नाही, आहे ते नीट चालू ठेवायचं. म्हणजे कंपन्या थांबायला शिकल्या आणि मंडळ्या मात्र सगळ्यात मोठी रिलीज याच महिन्यात काढतात.

बरोबर शिकणाऱ्या एकाने मला विचारलं, "या वर्षी आगमनकाळ काहीतरी क्रिएटिव्ह पद्धतीने पाळायचाय, आयडिया दे." मला वाटतं आयडियांपेक्षा आधी हे बघावं की ज्यांनी याआधी काही नवं घडवलं त्यांनी ते कशातून घडवलं.

आगमनाचं चक्र घ्या. चार मेणबत्त्यांचं, हिरव्या डहाळ्यांचं. ऑनलाइन मागवलं तर दोन दिवसांत घरी येतं. पण ते सुरू कुठे झालं? १८३९ साली, जर्मनीत हॅम्बुर्गजवळ. योहान हिनरिख विखर्न नावाच्या पाळकाने १८३३ मध्ये तिथे गरीब, बेवारस मुलांसाठी एक घर उघडलं होतं. मुलं रोज विचारायची, नाताळ आला का? आज आला का? विखर्नने एक लाकडी गाडीचं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या, मधल्या वारांसाठी छोट्या तांबड्या. रोज एक पेटवायची. मुलांना वाट पाहणं मोजता यावं म्हणून केलेली ती साधी सोय होती. सजावट नंतर आली.

आणि आपल्यासाठी महत्त्वाचं असं, की ते घर शिक्षणाचंही ठिकाण होतं. मुलं छोट्या गटांत, कुटुंबासारखी राहायची आणि गटाबरोबर एक तरुण 'भाऊ' राहायचा. हे भाऊ पुढे सेवेसाठी बाहेर पडणार होते. त्यांचं शिक्षण म्हणजे त्याच घरात, त्याच मुलांबरोबर जेवणं, झोपणं, काम करणं. चाकाची कल्पना जिथून आली तो प्रश्न मुलांचा होता, आणि तो ऐकू येण्याइतकं जवळ कोणीतरी बसलेलं होतं.

दुसरं उदाहरण आपल्याच भाषेतलं. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत, पण भाषा मराठी आणि छंद ओवी. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचल्या असतील. ग्रंथाच्या सुरुवातीला तो एक प्रसंग सांगतो. रविवारी मुलांना दोत्रिन, म्हणजे धर्मशिक्षण, देणं चालू असताना एक ब्राह्मण पुढे होऊन म्हणतो की हे पाठांतर ठीक आहे, पण आमची जुनी पुराणं तर आता बंद झाली, मग आम्ही फावल्या वेळी वाचायचं काय?

हा प्रश्न वाचताना मला दर वेळी थोडं अवघडल्यासारखं होतं, आणि व्हायलाच हवं. साष्टीतली देवळं १५६० च्या दशकात पाडली गेली होती. ज्याच्या हातातून पोथी काढून घेतली गेली तोच माणूस पोथी मागतोय. हे झाकून 'ख्रिस्तपुराणा'चं कौतुक करणं मला पटत नाही. पण त्या सगळ्या जबरदस्तीच्या काळात एका माणसाने तो प्रश्न ऐकला, आणि उत्तरादाखल जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या, त्या विचारणाऱ्याच्या छंदात, हेही तितकंच खरं.

आता त्याची रचना पाहा. दोन भाग आहेत. पहिलं पुराण ३६ अवस्वरांचं, चार हजारांहून जास्त ओव्यांचं. त्यात उत्पत्ती आहे, पतन आहे, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे आहेत. येशूचा जन्म नाही! तो दुसऱ्या पुराणात. आजचा कुठलाही एडिटर म्हणाला असता, फादर, हिरोची एन्ट्री फार उशिरा आहे, कापा. पण साष्टीतल्या श्रोत्यांना बाळ दाखवायच्या आधी स्टीफन्स त्यांना चार हजार ओव्या वाट बघायला लावतो. आगमनकाळाचं यापेक्षा मोठं मराठी पुस्तक मला तरी माहीत नाही. शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये काढलेली देवनागरी आवृत्ती एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिळाली तर पहिल्या पुराणातल्या रोज दहाच ओव्या मोठ्याने वाचा. सगळं कळणार नाही. चालतं. लय कळते.

आणि स्वतः लिहा. ओवीला आपल्याकडे फार मोठं शिक्षण लागत नाही. तीन चरण यमकाचे, चौथा आखूड. आपल्या आज्यांनी जात्यावर बसून त्या रचल्याच की. १७ ते २३ डिसेंबरसाठी तर तयार साचाही आहे. पाश्चात्त्य मंडळीत फार जुन्या काळापासून हे सात दिवस संध्याकाळच्या प्रार्थनेत ख्रिस्ताला रोज एका नावाने हाक मारतात: ज्ञान, प्रभू, इशायाचं मूळ, दाविदाची किल्ली, उदय, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. लॅटिनमधल्या या सात नावांची आद्याक्षरं शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली की 'एरो क्रास' तयार होतं. अर्थ, उद्या मी असेन. तेवीस तारखेला शेवटचं अक्षर पडतं तेव्हाच हे वाक्य पूर्ण होतं. (प्रोग्रॅमर मंडळी, रिव्हर्स स्ट्रिंग! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर सुचेना.) रोज एक नाव, रोज एक ओवी. पोस्ट करायची नाही. वहीत राहू द्या.

पोस्ट का नाही? कारण जखऱ्या. नऊ महिने त्याच्याकडे इस्राएलातली सगळ्यात मोठी बातमी होती आणि सांगायला तोंड नव्हतं. ही शिक्षा होती, हे मी सौम्य करून सांगणार नाही. देवदूताने तसं स्पष्ट सांगितलंय. पण देवाच्या हातात शिक्षासुद्धा वाया जात नाही. ६२ व्या वचनात नातेवाईक त्याला खुणा करून विचारतात, त्यावरून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की त्याला ऐकूही येत नसावं. घरात अलीशिबेचं पोट वाढतंय, शेवटचे तीन महिने मरीया पाहुणी आहे, बायकांचं बोलणं चाललंय, आणि याजक गप्प. जे बोलायचं ते त्या दोघी बोलताहेत. लूकच्या पहिल्या अध्यायात पवित्र आत्म्याने भरून आधी अलीशिबा बोलते, मग मरीया गाते. जखऱ्याचं गाणं सगळ्यात शेवटी.

सेवेच्या शिक्षणात आपल्याला बोलायला शिकवतात. तीन मुद्दे, एक दाखला, शेवटी आवाहन. ते हवंच. पण खूप जणांच्या आयुष्यात एक टप्पा असा येतो की आतून काहीच येत नाही. प्रार्थना कोरडी, वचन ओळखीचं, आणि रविवारी उभं तर राहायचंच आहे. तेव्हा आपण आवाज वाढवतो. रेकॉर्डेड मेसेज ऐकून त्यातली वाक्यं उचलतो. अशा वेळी मला २३ वं वचन फार धीर देतं. बोलता येत नसलं तरी ड्युटीचे दिवस भरता येतात. राख काढता येते. तेल घालता येतं.

आमच्या मलकापूरच्या बाजूला याचा अर्थ काय होईल? कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर डिसेंबरात जा. उसाचा हंगाम ऐन भरात असतो. भरलेले ट्रॅक्टर, टायरगाड्या, रस्त्यावर सांडलेली वाढं. आणि कडेच्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या. बीड आणि त्या बाजूच्या जिल्ह्यांतून आलेल्या टोळ्या. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोडायचं. इथे नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. हत्याराचंच नाव माणसांना. पोटुशी बाईसुद्धा या प्रवासात असते, कारण जोडी मोडली की कमाई मोडते. लूकच्या दुसऱ्या अध्यायात सरकारच्या नावनोंदणीसाठी दिवस भरत आलेली मरीया वाट चालते ना, तसंच.

पण एक विनंती. या माणसांना आपल्या नाताळच्या नाटकातली पात्रं करू नका. फोटो नको, सांताची टोपी नको, पत्रकं तर अजिबात नकोत. या चार रविवारांपैकी एका संध्याकाळी, उपदेशाची तयारी न करता, दोघं-तिघं जा. मुकादमाला आधी विचारा. तोडणी दिवसभराची आणि गाडी भरायला रात्रसुद्धा होते, तेव्हा त्यांची वेळ बघून जा. पोरांची शाळा कुठे सुटली, कोणाला ताप आहे, सरकारी दवाखान्यात कोणाला न्यायचं राहिलंय, एवढं ऐका आणि जमेल ते करा. कोणी विचारलंच की तुम्ही कोण, तर खरं सांगा. नाही विचारलं तर गप्प बसा. सेमिनरीत याचे मार्क मिळणार नाहीत. रिपोर्टमध्ये लिहायलाही फारसं काही नसेल.

आणि मग बाराव्याला नव्हे, आठव्या दिवशी, बाळाच्या सुंतेच्या वेळी काय होतं ते वाचा. नातेवाईक बाळाचं नाव बापावरून जखऱ्या ठेवायला निघालेत. चांगलं घराणं, चांगलं नाव, पुढे चालू राहिलं असतं. अलीशिबा नाही म्हणते, योहान ठेवायचं. तिचं कोणी ऐकत नाही. मग जखऱ्या पाटी मागतो. नऊ महिने गप्प राहिलेला माणूस काय लिहील? आपली बाजू? देवदूताच्या दर्शनाचं वर्णन? तो एवढंच लिहितो की बाळाचं नाव योहान आहे. म्हणजे अलीशिबा जे म्हणाली तेच. स्वतःचं नाव त्याने जाऊ दिलं आणि त्याच क्षणी वाचा आली.

या आठवड्यासाठी एक काम. छोटी पाटी किंवा कोरा कागद घ्या आणि प्रार्थनेच्या जागी ठेवा. रोज झोपण्याआधी त्यावर एकच ओळ लिहा: आज मी बोलायच्या आधी देवाने दुसऱ्या कोणाच्या तोंडून काय सांगितलं. आई असेल, वॉचमन असेल, संडे स्कूलमधलं पोर असेल. सकाळी पाटी पुसून टाका.

प्रार्थना: प्रभू, आज ज्यांना रविवारसाठी शब्द सापडत नाहीत त्यांच्याजवळ राहा. रानातल्या कोप्यांत आज रात्री थंडी आहे, तिथल्या लेकरांना सांभाळ. जी बाई पोटुशी असून उद्या पहाटे फडात उतरणार आहे तिला सुखरूप घरी ने. येशूच्या नावाने, आमेन.

उद्याचं वाचन: यशया ४०:१–११